वस्तीची शीव कोणी आखायची?

शिकागोला लेकीकडे चार महिने राहून परत आले त्याला आता वर्ष होत आले. तेव्हाच लिहायला हवे होते, पण राग शांत झाल्यावर लिहावे म्हणून थांबले. राग काही शांत झाला नाही, तेव्हा आता लिहूनच टाकते.

लेक आणि जावई भाड्याचे घर सोडून स्वतःचे घ्यायच्या खटपटीत होते. मला दिवसभर घरात करमत नाही, म्हणून घरे बघायला जाताना मलाही बरोबर नेत. एका शनिवारी दलालाने आम्हाला जुन्या विटांच्या तीन मजली इमारतीतला मधला मजला दाखवला. घर चांगले होते. पूर्वेला खिडक्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, मागे लाकडी जिना. दलाल तरुण आणि गोड बोलणारा. जिना चढेपर्यंत त्याने तीनदा तरी सांगितले असेल, "हे अँडरसनव्हिल आहे हं!" किंमत ऐकली तेव्हा जावयांचा चेहरा जरा उतरला. दलाल लगेच म्हणाला, "अँडरसनव्हिलमध्ये एवढे पडतातच."

आता माझी एक खोड आहे. तीसेक वर्षे साताऱ्याकडच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नव्या गावात गेले की आधी नकाशा शोधते. लेकीच्या घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात शहराचा नकाशा आहे. त्यात शिकागोचे सत्त्याहत्तर विभाग रंगवलेले आहेत. तिथे त्यांना 'कम्युनिटी एरिया' म्हणतात. त्या नकाशासमोर मी इतक्या वेळा उभी राहिले होते की उत्तरेकडचे विभाग तोंडपाठ झाले होते. रॉजर्स पार्क एक नंबर, वेस्ट रिज दोन, अपटाउन तीन. अपटाउन आणि त्याच्या वरचे एजवॉटर यांच्यामधली शीव म्हणजे फॉस्टर ॲव्हेन्यू हा रस्ता. अँडरसनव्हिल ही स्वीडनहून आलेल्या लोकांची जुनी वस्ती. तिचा गाभा क्लार्क रस्त्यावर, फॉस्टरच्या उत्तरेला. आणि आम्ही उभ्या असलेल्या घराला येताना मी मोजले होते. फॉस्टर ओलांडून दक्षिणेला तीन गल्ल्या. म्हणजे सरळ सरळ अपटाउन.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत दलालाला तसे विचारले. तो हसला आणि म्हणाला, "अँडरसनव्हिल म्हणजे काही रेषा नाही, ती एक भावना आहे."

वाचकहो, भावनेला चौरस फुटामागे दर असतो हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

परतीच्या वाटेवर मी गाडीत धुसफुसत होते. जावई शांतपणे म्हणाले, "आई, तो अगदीच चुकीचं बोलला नाही. ते सत्त्याहत्तर विभाग जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कुणा प्राध्यापकांनी आखलेले. आता ते कोण मानतं? वस्ती म्हणजे तिथले लोक जिला वस्ती म्हणतात ती. आता हजारो लोकांना नकाशावर आपापली वस्ती रंगवायला सांगतात आणि त्या सगळ्यांवरून सीमा ठरवतात. ते जास्त लोकशाहीला धरून नाही का?" आमचे जावई संगणकातले आहेत, सज्जन आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य असते. म्हणून त्यांना गाडीत उत्तर दिले नाही. इथे देते.

आधी ते प्राध्यापक कोण ते सांगायला हवे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात शिकागो विद्यापीठात समाजशास्त्राचा मोठा मठच होता म्हणा ना. रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस हे त्याचे महंत. आमच्या बी.ए.च्या वसाहत-भूगोलात बर्जेसचा वलयांचा सिद्धांत होता. शहर मधल्या बाजारपेठेपासून बाहेर वलयावलयांनी वाढते, असा. आम्ही मराठी माध्यमातले, त्यामुळे ती वर्तुळे पाठ करून परीक्षेत काढली, पण ती शिकागोची आहेत हे कुणी नीट सांगितले नव्हते. (आता या वयात बर्जेससाहेबांचा मूळ लेख वाचायला घेतला. आठ दिवस लागले.) या लोकांना शहर अभ्यासायचे होते आणि त्यासाठी शहराचे न बदलणारे तुकडे हवे होते. नगरसेवकांचे वॉर्ड चालत नव्हते, कारण ते दर काही वर्षांनी बदलायचे. मग व्हिव्हियन पामर नावाच्या संशोधक बाई आणि त्यांचे विद्यार्थी वस्त्यावस्त्यांतून फिरले, जुन्या रहिवाशांना विचारले, तुमच्या भागाला काय म्हणता, तो कुठपर्यंत. ती उत्तरे, नदी, रेल्वेचे रूळ, मोठे रस्ते आणि जनगणनेचे गट हे सगळे जुळवून १९२० च्या दशकाच्या शेवटी पंचाहत्तर विभाग आखले गेले. १९३८ साली त्या विभागांच्या माहितीचे पहिले पुस्तक निघाले. पुढे ओहेर विमानतळाचा भाग शहराला जोडला गेला तो शहात्तरावा, आणि १९८० मध्ये एजवॉटर वेगळे झाले तो सत्त्याहत्तरावा. एवढेच बदल! आजही शहराची लोकसंख्या, उत्पन्न, आजार, गुन्हे हे आकडे या विभागांप्रमाणे मिळतात.

म्हणजे जावई म्हणतात ते लोकांना विचारणे नव्वद-शंभर वर्षांपूर्वीही झाले होते. फरक इतकाच की पामरबाईंचे विद्यार्थी दारात जाऊन विचारत होते, आणि आताच्या नकाशात ज्याच्याकडे संगणक, इंग्रजी आणि रिकामा वेळ आहे तो उत्तर देतो. ज्या गल्लीत सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या दहा तरुणांनी 'अँडरसनव्हिल' रंगवले आणि चाळीस वर्षे राहणाऱ्या म्हातारीला असा काही नकाशा आहे याचा पत्ताच नाही, तिथे लोकशाहीचा निकाल काय लागणार?

तरीही त्या जुन्या नकाशाची बाजू घेताना डोळे झाकून घेणार नाही. त्यात गमती आहेत आणि पापेही आहेत. गंमत अशी की हम्बोल्ट पार्क नावाच्या विभागात हम्बोल्ट पार्क हे उद्यानच नाही. ते शेजारच्या वेस्ट टाउनमध्ये आहे. पोर्तो रिकोच्या लोकांनी आपल्या वस्तीची खूण म्हणून १९९५ मध्ये डिव्हिजन रस्त्यावर पोलादाचे दोन प्रचंड झेंडे उभारले. आम्ही हम्बोल्ट पार्कचे, असे ते लोक सांगतात. पण नकाशाप्रमाणे ते झेंडे वेस्ट टाउनमध्ये! दुसरे, दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय लोकांनी १९३० च्या सुमारास आपल्या भागाला स्वतः निवडून 'ब्रॉन्झव्हिल' हे नाव घेतले. दुसऱ्यांनी दिलेल्या हिणकस नावांना दिलेले ते उत्तर होते. त्या भागाचे वर्तमानपत्र 'डिफेंडर' तर ब्रॉन्झव्हिलच्या महापौराची निवडणूकसुद्धा घेत असे, मानाची. ते नाव सत्त्याहत्तरांत कुठेच नाही. तो भाग नकाशात डग्लस आणि ग्रँड बुलेव्हार्ड असा विभागलेला. पिल्सेन म्हटले की शिकागोतला माणूस लगेच ओळखतो, पण नकाशा त्याला लोअर वेस्ट साइड म्हणतो.

आणि पाप म्हणाल तर, आखलेल्या भागांत राहणाऱ्या माणसांवर शिक्के मारण्याचे काम याच विद्वानांच्या अंगणात झाले. होमर हॉइट नावाच्या अभ्यासकाने १९३३ साली शिकागोच्या शंभर वर्षांच्या जमिनीच्या किमतींवर ग्रंथ लिहिला. तो याच विद्यापीठातला प्रबंध. कोणत्या वंशाचे, कोणत्या देशाचे लोक राहायला आले की जमिनीची किंमत चढते वा उतरते याची त्यात उतरंड दिली आहे. वर इंग्रज आणि जर्मन, अगदी तळाला कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन. हा गृहस्थ पुढे सरकारच्या गृहकर्जाच्या विमा खात्यात गेला. त्याच दशकात सरकारी कर्ज महामंडळाने शहरोशहरीचे नकाशे रंगवले. हिरवा चांगला, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. लाल भागात कर्ज नको. कृष्णवर्णीयांची वस्ती असली की ती बहुतेक लालच. नकाशा किती क्रूर असू शकतो याचे याहून वाईट उदाहरण भूगोलाच्या शिक्षिकेला सापडणार नाही.

हे सगळे ठाऊक असूनही मी म्हणते की ते सत्त्याहत्तर विभाग मोडू नका. का म्हणते?

डेव्हन ॲव्हेन्यूवर आपली सगळी दुकाने आहेत. आम्ही दर पंधरवड्याला भाजी, डाळी, पोहे आणायला तिथे जात असू. तिथे रस्त्याच्या खांबावर हिरवी पाटी आहे 'डेव्हन'. तिच्याखाली तपकिरी पाटी, 'गांधी मार्ग'. पुढे गेलात की खालची पाटी बदलते. कुठे जिनांचे नाव, कुठे गोल्डा मेयर यांचे. जो समाज जिथे जमला त्याने आपल्या माणसाचे नाव लावले. छान आहे. मला गांधींची पाटी बघून भरून आले होते, खोटे कशाला बोलू. पण पत्रावर लिहायचे ते हिरव्या पाटीवरचे नाव आणि घराचा क्रमांक. तो क्रमांक १९०९ च्या पद्धतीने, स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकापासून मोजलेला, मैलाला आठशे. तपकिरी पाटी कितीही बदला, क्रमांक हलत नाही, आणि म्हणूनच आगीचा बंब योग्य दारात येतो.

वस्तीचेही तसेच हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. ब्रॉन्झव्हिल म्हणा, पिल्सेन म्हणा, हम्बोल्ट पार्क उद्यानासकट म्हणा, नाव लोकांचे आहे. त्यात प्राध्यापकाने नाक खुपसू नये. पण मोजायची रेघ वेगळी ठेवा आणि ती जागची हलवू नका. आणि ती दलालाच्या हाती तर मुळीच देऊ नका.

लोकांना वाटते तीच वस्तीची सीमा, हे ऐकायला किती गोड आहे! पण त्याचा अर्थ नीट पाहा. १९५० आणि ६० च्या दशकांत पोर्तो रिकोची माणसे लिंकन पार्क भागात मोठ्या संख्येने राहत होती. मग शहर सुधारणेच्या नावाखाली घरे पाडली, भाडी वाढली, आणि ती माणसे पश्चिमेला सरकत सरकत विकर पार्क, हम्बोल्ट पार्ककडे गेली. यंग लॉर्ड्स नावाच्या तिथल्या पोरांनी १९६९ मध्ये यावरून मोठा लढा दिला होता. आज लिंकन पार्क शहरातल्या सर्वांत श्रीमंत भागांपैकी एक. आता सांगा, सीमा लोकांच्या मनात असेल तर काय झाले म्हणायचे? 'पोर्तो रिकन वस्ती जरा पश्चिमेला सरकली.' बस्स! कुणाला काढले नाही, कुणी गेले नाही, वस्ती आपली चालत चालत गेली, ढग जातो तशी. पण लिंकन पार्क हा सात नंबरचा विभाग जागच्या जागी ठेवला आणि दर दहा वर्षांनी त्यातली माणसे मोजली, की कोण होते, कोण राहिले, कोण नाहीसे झाले ते कागदावर दिसते. विस्थापन दिसायला एक न हलणारी चौकट लागते. चौकटच माणसांबरोबर चालायला लागली तर या जगात कुणी कधी विस्थापित होणारच नाही!

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्म्याची भयंकर लाट आली. नेहमीपेक्षा सातशेहून अधिक माणसे त्या लाटेत गेली, बरीचशी म्हातारी आणि एकटी राहणारी. एरिक क्लायननबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने २००२ साली यावर 'हीट वेव्ह' हे पुस्तक लिहिले. ते मी लेकीकडून वाचून घेतले, रोज थोडे थोडे. त्यात दोन शेजारी विभागांची तुलना आहे. एकोणतीस नंबरचा नॉर्थ लॉनडेल आणि तीस नंबरचा साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध बऱ्याच प्रमाणात. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण लाखामागे चाळीसच्या आसपास, आणि साउथमध्ये चारच्या आसपास. दहापट! एकीकडे ओसाड पडलेले भूखंड, बंद दुकाने, भीतीने दार न उघडणारे म्हातारे. दुसरीकडे मेक्सिकन लोकांची गजबजलेली बाजारपेठ, जिथे म्हातारी बाई गार दुकानात जाऊन तासभर टेकू शकत होती. त्याने काढलेल्या कारणांवर कुणी वाद घालील, घालावा. पण वाद घालायलासुद्धा ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवता यायला हवेत, आणि ते ठेवता आले कारण दोन्ही विभागांच्या रेघा सत्तर वर्षे हलल्या नव्हत्या.

यातली दुसरी बाजू आणखी बोलकी आहे. साउथ लॉनडेलला आता सगळे 'लिटल व्हिलेज' म्हणतात, स्पॅनिशमध्ये ला व्हिलीता. मला वाटले होते की हे मेक्सिकन लोकांनी दिलेले प्रेमाचे नाव असेल. नाही. १९६० च्या दशकात, उत्तरेच्या लॉनडेलमध्ये कृष्णवर्णीय लोक राहायला आले तेव्हा, लॉनडेल या नावाशीच संबंध नको म्हणून जमीनजुमल्याच्या धंद्यातल्या माणसाने ते पुढे आणले. पुढे मेक्सिकन लोकांनी ते आपलेसे केले, ते त्यांचे मोठेपण. पण जन्म दलालीत आणि शेजाऱ्याचा विटाळ टाळण्यात झालेला. माझ्या दलालाची 'भावना' काही नवी नव्हती, पिढीजात होती.

मग त्या लाल रंगवलेल्या नकाशांचे काय, असे तुम्ही विचाराल. ज्या रेघांनी एवढे वाटोळे केले त्याच राखायच्या? इथे मला गेल सिंकोटा या बाईंची गोष्ट सांगायची आहे. पश्चिमेकडच्या ऑस्टिन विभागातल्या या गृहिणी, सहा मुलगे. मुलांच्या शाळेच्या तक्रारींपासून सुरुवात करून त्या बँकांपर्यंत पोहोचल्या. त्यांच्या लक्षात आले की आपल्या भागातले लोक बँकेत पैसे ठेवतात, पण घरासाठी कर्ज मागितले की नकार मिळतो. बँका म्हणत, आम्ही भागाभागांत भेद करत नाही. मग या बायकांनी मागणी काय केली? भाषणे नकोत, कोणत्या भागात किती कर्ज दिले ते जाहीर करा! त्या लढ्यातून १९७५ साली अमेरिकेत गृहकर्जाची माहिती उघड करण्याचा कायदा झाला, आणि १९७७ साली बँकांनी आपल्या परिसरातल्या गरिबांचीही गरज भागवावी असा दुसरा कायदा झाला. विचार करा, तेव्हा बँकेला 'ऑस्टिन म्हणजे रेषा नाही, भावना आहे' असे म्हणता आले असते तर? बाईंच्या हातात काय उरले असते? ज्या रेघेने मारले तीच रेघ पुरावा म्हणून उलटी धरता आली, कारण ती कागदावर होती. दलालाच्या जिभेवरची रेघ कोर्टात कशी नेणार?

हलत्या रेघांचा नमुना बघायचा तर शिकागोतच बघा. तिथे नगरसेवकांचे पन्नास वॉर्ड आहेत आणि जनगणना झाली की ते नव्याने आखतात. त्या वॉर्डांचे आकार पाहून मी हसत सुटले. एकाला शेपूट, एकाला चोच, एक तर गिरगिट झाडावर चढल्यासारखा. आपला मतदार आत आणि नको तो बाहेर, अशी सगळी कारागिरी. एंगलवूडसारखी गरीब वस्ती अनेक वॉर्डांत चिरून टाकलेली, त्यामुळे तक्रार कुणाकडे न्यायची हा प्रश्न. लोकप्रतिनिधींच्या हातात रेघ दिली की असे होते. ती दलालांच्या हातात दिल्यावर जरा बरे होईल, असे कुणाला वाटत असेल तर वाटो.

एजवॉटरची गोष्ट मात्र मला अडचणीची आहे, ती लपवत नाही. १९२० च्या दशकात एजवॉटर अपटाउनमध्येच धरले होते. पुढे अपटाउनचे नाव खाली आले. डोंगराळ दक्षिणेकडून आलेले गरीब गोरे, आदिवासी, नंतर वियेतनाम आणि कंबोडियाचे निर्वासित, अशा सगळ्यांना त्याने जागा दिली, आणि तेच जणू त्याचे पाप ठरले. एजवॉटरच्या लोकांनी वेगळे होण्यासाठी बरीच वर्षे खटपट केली आणि १९८० मध्ये ते झाले. आता हेसुद्धा शेजाऱ्यापासून पळणेच की! थोडेफार होतेच. पण ते उघडपणे झाले, शहराच्या दप्तरात नोंदले गेले, आणि जनगणनेचे गट मोडले नाहीत. आजही तुम्ही तीन आणि सत्त्याहत्तर यांची बेरीज करून १९३० च्या अपटाउनशी ताडून पाहू शकता. रेघ बदलायची तर अशी बदला, की मागचा हिशेब लागेल. फॉस्टरच्या दक्षिणेला तीन गल्ल्या कधी आणि कुणी सरकवल्या, याची नोंद मला कुणी दाखवील का?

न्यूयॉर्कमध्ये तर शहराने वस्त्यांच्या सीमा अधिकृतपणे ठरवलेल्याच नाहीत म्हणे. तिथे २०१७ साली हार्लेमच्या दक्षिण भागाला 'सोहा' असे चटपटीत नाव चिकटवण्याचा उद्योग झाला. हार्लेमचे लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तो बारगळला. लॉस एंजेलिसच्या नगरपालिकेने २००३ मध्ये 'साउथ सेंट्रल'मधले 'सेंट्रल' काढून टाकले, जणू १९९२ ची दंगल त्या एका शब्दात राहत होती. आणि आपण तरी कुठे मागे आहोत? पुण्याच्या जाहिरातींतले 'कोथरूडपासून पाच मिनिटे' कुठल्या वाहनाने, ते मला अजून समजलेले नाही.

असो. त्या घराकडे परत येते.

आठवड्याने आम्ही ते पुन्हा बघायला गेलो. मी वाचनालयातून नकाशाची प्रत काढून आणली होती. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरली आणि बोट ठेवून दाखवले. लेक म्हणाली, "आई, पुरे ना गं." दलालाने नकाशा अगदी आदराने पाहिला आणि सांगितले की किंमत आहे तीच आहे. जावयांनी ते घर घेतले नाही, ते माझ्या नकाशामुळे नव्हे, बँकेच्या हप्त्यामुळे.

खाली उतरले तेव्हा शेजारच्या इमारतीच्या पायरीवर माझ्याच वयाच्या एक बाई कोथिंबिरीची जुडी निवडत बसल्या होत्या. मी आपली शेजारी टेकले आणि काड्या मोडू लागले. त्यांचे इंग्रजी माझ्यापेक्षा थोडेच बरे, त्यामुळे गप्पा छान झाल्या. १९८० च्या सुमारास वियेतनामहून आलेल्या, तेव्हापासून याच गल्लीत भाड्याने. मी विचारले, या भागाला काय म्हणता? "अपटाउन," त्या म्हणाल्या. "नवा मालक म्हणतो अँडरसनव्हिल. नव्या करारात तसंच लिहिलंय. भाडंही अँडरसनव्हिलचं."

गेल्या महिन्यात लेकीशी फोनवर बोलताना त्यांची आठवण निघाली. ती मुद्दाम त्या गल्लीतून जाऊन आली. त्या बाई आता तिथे राहत नाहीत. कुठे गेल्या ते शेजारच्यांना माहीत नव्हते. इमारतीवर मात्र मोठा फलक लागला आहे, अँडरसनव्हिलमध्ये नूतनीकरण केलेली घरे भाड्याने मिळतील, असा.

लेकीला म्हटले, फलकाचा फोटो काढून पाठव, आणि खाली तारीख घाल.